देवक बसायच्या आधी

“दिगू, अरे पाटावर बस ना! गुरुजी कधीचे ताटकळलेत.”

“बसतो गं ताई. पाठीत उसण भरलीय. जरा सुटू दे.”

माझा धाकटा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आत खोलीत रांगोळी काढलेली, समया लावलेल्या, दोन पाट मांडलेले. एका पाटावर त्याची बायको नलू शालू सावरून बसली होती. शेजारचा पाट रिकामा. समोर देवकाचं सूप, त्यात ओळीनं सुपाऱ्या, वर कोरं वस्त्र. गुरुजींनी पळी-पंचपात्र मांडून ठेवलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

“यजमान,” गुरुजी म्हणाले, “बाकी सगळं मागंपुढं झालं तरी चालेल. पण हे आधी उरका. देवक एकदा बसलं, की मग भावकीत काही बरंवाईट होवो, तुमच्या कार्याला सुतक शिवत नाही. तोवर सगळं वाऱ्यावर.”

“म्हणजे हाही विमाच की गुरुजी,” नलूचा भाऊ बाहेरून म्हणाला.

“अगदी! आणि बिनहप्त्याचा.”

“बिनहप्त्याचा कसला? दक्षिणा घ्याल ती?”

सगळे हसले. दिगू हसला नाही. एरवी विम्याचं नाव निघालं की तो खुलायचा. त्याचे केस ओले होते, पाणी मानेवरून ओघळत होतं. पहाटे अंघोळ करून तो मिरजेला रिक्षा घेऊन गेला होता, आमच्या अंतूकाकांना आणायला. परत आला तो एकटाच. “काका झोपलेत. उठवलं नाही,” एवढंच म्हणाला आणि थेट न्हाणीघरात शिरून पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. नलू म्हणालीसुद्धा, “आता ही दुसरी अंघोळ कसली?” तर म्हणे, रस्त्यात धूळ फार उडाली.

नलूच्या भावाची चिमुरडी आतोबांच्या पायाला मिठी मारायला धावली. दिगू झटकन मागं सरला. “अंहं, शिवायचं नाही. मी सोवळ्यात आहे.”

सोवळ्यात? अजून धोतरही नेसला नव्हता. कमरेला ओला पंचा होता नुसता. मला त्याचा इतका राग आला! लग्नघरात यजमानच हातपाय गाळून उभा राहिला तर बाकीच्यांनी काय करायचं? मी तिथून उठले, आचाऱ्याकडे गेले, जिलबीचा घाणा बघून आले, फुलवाल्यावर ओरडले, पुन्हा देवकाच्या खोलीशी आले. पाट रिकामाच.

खरं तर माझा राग दिगूवर नव्हता. आदल्या संध्याकाळी मी जे पाहिलं होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं.

पंचवीसेक वर्षं झाली या गोष्टीला. सांगलीतलं ते कार्यालय आता नाही, त्या जागी दुचाकी गाड्यांची मोठी काचेची शोरूम आहे. तेव्हा मात्र तिथं लग्न म्हणजे थाट होता. दिगू विम्याचा एजंट. गाड्यांचा विमा, दुकानांचा विमा, गुऱ्हाळांचा विमा. स्वभावच तसा. लहानपणी शाळेत जाताना दोन छत्र्या न्यायचा; एक उडाली तर दुसरी असावी म्हणून. तेव्हा नुकतीच लग्नकार्याच्या विम्याची नवी टूम निघाली होती. दिगूनं सगळ्यात आधी स्वतःच्या लेकीच्या लग्नाचाच विमा उतरवला आणि गावभर हसं करून घेतलं.

आमच्याकडे केळवणाला सगळे जमले तेव्हा त्यानं ते कागद मोठ्या हौसेनं वाचून दाखवले होते. इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मांडवाला आग लागली तर भरपाई, वादळात मांडव उडाला तर भरपाई, पाहुण्यांना जेवण बाधलं तर दवाखान्याचा खर्च, दागिने चोरीला गेले तर तेही.

“आणि कुणी मेलं तर रे?” अंतूकाकांनी विचारलं होतं. अंतूकाका म्हणजे आमच्या वडलांचे चुलत भाऊ. लग्न केलं नाही. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. नव्वदीला टेकले होते, पण तोंड तिखट. दिगूच्या केतकीवर त्यांचा फार जीव. ती लहान असताना तिला खांद्यावर घेऊन उरूस दाखवायला न्यायचे.

“काका, काहीतरी अभद्र काय बोलता!” नलू म्हणाली.

“अगं, कागदात असेल ना ते. वाच रे दिगू.”

दिगूनं पान उलटलं. “आहे. वधू, वर, दोघांचे आईवडील, सख्खी भावंडं, सख्खे आजीआजोबा. यांतलं कुणी गेलं आणि लग्न रद्द झालं, तर सगळा खर्च मिळतो.”

“आणि चुलत आजोबा?”

“तुम्ही यादीत नाही, काका.”

“वा रे वा! म्हणजे मी मेलो तर तुला दहा दिवस सुतक, लग्न मोडणार, आणि वर पैसाही नाही. अगदीच फुकट मरण म्हणायचं.”

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. केतकी तर त्यांच्या मांडीवर डोकं टेकून हसत होती. तशीच वर बघून म्हणाली, “आणि बाबा, नवरीचं मनच बदललं तर?”

“त्याला भरपाई नाही. स्पष्ट छापलंय.” दिगू म्हणाला. “वधूवरांचं मन बदलल्यास कंपनी जबाबदार नाही.”

“मग काय उपयोग तुमच्या विम्याचा!”

तेव्हा ती थट्टा होती. मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता. पुण्याचे पोंक्षे, घर चांगलं. शैलेश दिसायला देखणा, बोलायला गोड, पगार चांगला. केतकी मिरजेच्या एका दवाखान्यात रक्तपेढीत होती. तिचं काम तिला जीव की प्राण. लग्नानंतर महिनाभर रजा घ्यायची, मग पुण्यात तसंच काम मिळेपर्यंत इथलं सोडायचं नाही, असं दोघांनी बोलून ठरवलं होतं. तिनंच मला सांगितलं होतं ते, मोठ्या कौतुकानं.

आणि आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला तिच्या वरिष्ठ कर्णिकबाई आल्या. दिगू आणि मी दाराशीच उभे होतो. केतकी त्यांना बघून धावत आली. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

“मला वाईट वाटलं हो केतकी. पण तुमचं ठरलंय म्हटल्यावर मी काय बोलणार? कागद मी तयार ठेवलेत, राजीनाम्यावर तेवढी सही करून जा.”

“कसला राजीनामा?” केतकी म्हणाली.

“अगं, तुझ्या होणाऱ्या यजमानांनी फोन केला ना मला. म्हणाले, ती परत येणार नाही, तिची जागा भरून टाका.”

मी केतकीकडे बघत होते. तिनं फक्त बाईंच्या हातातला आपला हात हळूच काढून घेतला आणि शालूच्या पदराला पुसला. हात ओला झाल्यासारखा. दिगूनं ते पाहिलं. मी पाहिलं. तेवढ्यात वरपक्षाकडून “मुलीला बोलवा, मुलीला बोलवा” झालं आणि तिला नेलं. रात्री जेवताना तिनं पानातला भात इकडून तिकडे केला.

आता इतकं झाल्यावर बापानं लेकीला विचारावं की नाही? पण आमच्या घरात बाप-लेकीनं असं बोलायची रीत नव्हती. मी विचारावं, तर तिच्याभोवती मैत्रिणींचा आणि मामेबहिणींचा गराडा. सकाळपासून मी चार वेळा तिच्या खोलीत डोकावले. प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्या हातावरची मेंदी नाहीतर डोक्यावरचा गजरा बघत होतं आणि ती आरशात बघत होती. स्वतःकडे नव्हे. आरशातल्या दाराकडे.

“मुलीकडच्या, रिसबुडांच्या मंदाताई कोण?” कार्यालयाच्या मॅनेजरनं हाक मारली. “फोन आहे. त्यांनाच द्या म्हणतात.”

मी ऑफिसात गेले. रिसीव्हर कानाला लावला.

“ताई, मी दस्तगीर.” अंतूकाकांचे शेजारी. तंबोरे करायचे. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. “ताई, काका गेले ओ.”

मी टेबलाची कड धरली.

“चहा घेऊन गेलो तर उठंनात. हात गार पडलेला. पहाटे दिगूभाऊ येऊन गेले म्हणे, आमच्या घरातनं बघितलं त्यांना. तेव्हा झोपेत असतील बिचारे. उशाशी पणती जळत होती बघा. देवाची लावली असेल.”

“दस्तगीरभाई…”

“ऐका ना ताई. मी तुम्हालाच का बोलावलं? काकांनीच सांगून ठेवलेलं. परवाच म्हणाले, दस्तगीर, लग्नात माझं काही झालं तर दिगूला कळवू नको. मंदेला कळव. ती लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, तिला माझं सुतक लागत नाही. पुढचं ती बघेल.” त्यांनी आवाज खाली आणला. “मी बसलोय इथं. दार लोटून घेतलंय. कुणाला बोललो नाही. तुम्ही सांगाल तसं.”

फोन ठेवला तरी मी तिथंच उभी. मॅनेजर म्हणाला, “बाई, पाणी देऊ का?” मी मान हलवली. रडायलाही सवड नव्हती. बाहेर सनईची कॅसेट लागली होती, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

पुढचं ती बघेल! म्हाताऱ्यानं जाता जाता सगळं माझ्या पदरात टाकलं होतं.

सरळ रस्ता एकच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. गप्प राहायचं. ज्याला कळलंच नाही त्याला सुतक नाही. दिगूला पाटावर बसवायचं, देवक बसवून घ्यायचं, मग संध्याकाळी वऱ्हाड गेल्यावर सांगायचं. अशी कितीतरी लग्नं मी पाहिली होती. अंतूकाकांच्या मनातही तेच असणार. त्यात पाप काही नाही.

पण माझे पाय देवकाच्या खोलीकडे वळेनात. मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले, उतरले. कोठीत गेले आणि कशाला आले ते आठवेना. एक बाई म्हणाली, “मंदाताई, अहो हळदीकुंकवाची तबकं?” मी तिच्या हातात नारळ ठेवला. डोळ्यांसमोर सारखा केतकीचा तो हात येत होता, पदराला पुसलेला. आज जर लग्न थांबलं, तर ते सुतकानं थांबेल. मुलीनं मोडलं असं कुणी म्हणणार नाही. तिला दहा दिवस मिळतील. आणि मी तोंड मिटलं तर दुपारी अक्षता पडतील.

हे ठरवणारी मी कोण?

मी तरातरा केतकीच्या खोलीत गेले. “चला गं मुलींनो, सगळ्या खाली. कॉफी झालीय. नवरीशी मला बोलायचंय.”

“आत्या, काय बोलायचंय? आम्हीपण ऐकतो!” एक आगाऊ मामेबहीण.

“तुझ्या लग्नात तुलाही सांगीन. पळ.”

दार लावलं. केतकी पिवळ्या अष्टपुत्रीत बसली होती. तिच्यासमोर स्टूल ओढून मी बसले आणि काही प्रस्तावना न करता सांगितलं. अंतूकाका गेले. झोपेतच.

ती आधी खूप रडली. मी रडू दिलं. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, “बाबांना?”

“कळलेलं नाही. कुणालाच नाही. मला आणि आता तुला.” मी तिचे दोन्ही हात धरले. “नीट ऐक. देवक अजून बसलेलं नाही. तुझा बाप पाठ धरून उभा आहे. मी आत्ता जाऊन सांगितलं, तर आज लग्न नाही. मी गप्प बसले तर आहे. तू सांगशील तसं करीन. का, कशाला, मी विचारणार नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“बाबांचं केवढं नुकसान होईल आत्या. त्यांच्या विम्यात बसतं का हे?”

“नाही बसत. अंतूकाका यादीत नाहीत.”

रडता रडता ती हसली. “फुकट मरण,” म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

खालून गुरुजींचा आवाज आला, “यजमान, आता मात्र बसा! धोतर नेसलात ना? मग झालं तर.”

मी स्टुलावरून उठले. “केतकी, लवकर सांग.”

“मला आधी शैलेशशी बोलायचंय. दोन मिनिटं. त्याला न विचारता ठरवलं, तर मीही त्याच्यासारखीच झाले.”

मी जाऊन त्याला बोलावून आणलं. लग्नाआधी नवरानवरीनं भेटायचं नाही वगैरे कुणी म्हणायच्या आत मागच्या गच्चीत नेलं. मी दारातच उभी राहिले, हलले नाही. तो हसत आला. रेशमी सोवळं, गळ्यात हार. त्यांच्याकडचं देवक केव्हाच बसलं होतं.

“काय गं, धीर धरवत नाही?”

“शैलेश, आमचे अंतूकाका गेले. मिरजेचे.”

“अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलं. हातातलं उपरणं त्यानं खांद्यावर नीट ठेवलं. “कधी?”

“पहाटे.”

“कुणाकुणाला कळलंय?”

“आत्याला. मला. आता तुला.”

“तुझ्या बाबांना नाही ना?”

“नाही.”

“मग झालं तर.” तो जवळ आला, आवाज खाली केला. “तू काही बोलू नकोस. आत्या, तुम्हीही बोलू नका. संध्याकाळी आम्ही निघालो की सांगा त्यांना. मी बघतो सगळं.”

“मला काय वाटतं ते विचार ना.”

“त्यात वाटायचं काय? नव्वदीचे होते, सोनं झालं त्यांचं. पुण्याहून एवढी माणसं आलीत गं आमची.”

“कर्णिकबाईंनाही तू असंच परस्पर सांगितलंस.”

“ते कुठं मध्येच काढलंस आत्ता?” तो गोंधळला. “अगं, उद्या सांगायचं ते आज सांगितलं. तुझी धावपळ वाचवली. लग्नाच्या गडबडीत तू कशाला त्यात डोकं घालायचं?”

“ठरलं होतं आपलं.”

“ठरलेलं बदलतं गं. मी आहे ना विचार करायला.” त्यानं तिच्या गालाला हात लावला. “जा, तोंड धू. हस बघू.”

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं तिची धावपळ वाचवली.

केतकी हसली नाही. म्हणाली, “बरं झालं विचारलं.” तिच्या मनात काय आहे ते न कळून तो समाधानानं निघून गेला.

“आत्या, बाबा कुठं आहेत?”

“तू थांब, मी जाते.”

“नको. मी सांगते.”

जिन्यावरून ती उतरली ती तशीच, रडून लाल झालेल्या नाकानं, एका हातात काढलेल्या मुंडावळ्या. बायका चरकल्या. “अगं, नवरीनं असं बाहेर यायचं नसतं!” “पोरीला आत न्या कुणीतरी!” मी तिच्या मागे. देवकाच्या खोलीशी पोचलो तेव्हा दिगू धोतर नेसून पाटाशी उभा होता. गुरुजींनी त्याच्या हातावर पाणी घालायला पळी भरली होती. दिगूचा एक हात अजून पाठीवर.

“बाबा.”

त्यानं मान वळवली. मी आयुष्यभर त्या माणसाला बघत आले, पण त्याचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. शाळेच्या निकालाच्या दिवशी नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

“बोल.”

“बसू नका.”

“अगं काय हे? काय बोलतेस?” नलू अर्धवट उठली.

दिगूनं नलूकडे पाहिलं नाही. “नक्की?” त्यानं लेकीला विचारलं. बाकी काही नाही.

“नक्की.”

त्यानं पाठीवरचा हात काढला. ताठ उभा राहिला. उसणबिसण काही नव्हती.

“गुरुजी, सामान आवरा. मला सुतक आहे.”

“आं? काय बोलता यजमान? कधीपासून?”

“पहाटेपासून.”

गुरुजींनी भरलेली पळी पंचपात्रात उलटी केली. मग माझ्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येत गेली. ते ओले केस. चिमुरडीला पाहून मागं सरणं. सकाळपासून चौकटीबाहेर उभं राहणं. अंतूकाकांच्या उशाशी जळणारी पणती.

मी फोन येईपर्यंत त्याच्यावर चिडत होते, आणि तो सकाळपासून दार धरून उभा होता.

पुढचा तास कसा गेला ते विचारू नका. वडील पोंक्षे तावातावानं आले. बातमी ऐकल्यावर मात्र नरमले. भली माणसं होती ती. “झालं ते झालं, कुणाच्या हातात आहे? गुरुजी, सुतक फिटल्यावरची पुढची तारीख काढा.”

“पुढची तारीख आता केतकी सांगेल,” दिगू म्हणाला.

“म्हणजे?”

तेवढ्यात शैलेश पुढं आला. रागानं लाल झाला होता. “तुला मी सांगितलं होतं ना, काही बोलू नकोस म्हणून!”

सगळ्यांच्या देखत. त्याची आई गर्रकन त्याच्याकडे वळली. “म्हणजे? तुला आधी ठाऊक होतं?”

केतकीनं मुंडावळ्या शैलेशच्या आईच्या हातात दिल्या. “मावशी, तुम्ही सगळे लांबून आलात. मला माफ करा. पण मी तारीख सांगणार नाही.” आणि ती अंतूकाकांकडे जायला रिक्षा बोलवायला सांगू लागली.

स्वयंपाक तयार होता. सुतकाच्या घरचं कोण जेवणार? पण मला सुतक नव्हतं. मी पदर खोचला, आचाऱ्याला म्हटलं, आता हे कार्य माझ्या घरचं. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना आधी वाढलं. उरलेला मसालेभात आणि जिलब्या टेम्पोत घालून मिरजेला दवाखान्याच्या आवारात नेल्या. पेशंटचे नातेवाईक झाडाखाली बसले होते, त्यांना वाढलं. कर्णिकबाई स्वतः पंगतीत वाकून भात घालत होत्या. मला म्हणाल्या, “ते राजीनाम्याचे कागद मी फाडू ना?” मी म्हटलं, “तिनं सही केलीय का?” “नाही.” “मग मला काय विचारता?”

संध्याकाळी अंतूकाकांना कृष्णेच्या घाटावर पोचवून दिगू परत आला. मी त्यांच्या खोलीच्या पायरीवर बसले होते. समोरच्या दुकानात भोपळे टांगलेले होते, अजून तारा न लावलेले. तोही माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसला. दस्तगीरभाईंनी न विचारता दोघांना चहा आणून दिला आणि आत गेले.

“नेने काय म्हणत होते रे घाटावर?” मी विचारलं. नेने त्याच्या ऑफिसातले.

“म्हणत होते, कागदावर केतकीचे सख्खे आजोबा लिही. चुलत-सख्खं कोण बघायला येतंय?”

“मग?”

“मी म्हटलं, अंतूकाका यादीत नाहीत.” त्यानं चहाचा घोट घेतला. सकाळपासूनचा त्याचा पहिला. “हात लावला तेव्हा गार होते गं. डोळे मिटलेले होते. पणती लावली आणि निघालो. वाटेत रिक्षात ठरवत होतो, जाऊन नलूला सांगायचं. कार्यालयात शिरलो तर वरच्या खिडकीत केतकी उभी. माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती. मग मला सांगवेना. सांगितलं असतं तर लग्न मी थांबवलं असतं. ते मला थांबवायचं नव्हतं, आणि लावायचंही नव्हतं.”

“तिला विचारायचंस की सरळ.”

“काय विचारणार, ताई? बापानं लग्नाच्या दिवशी विचारलं की पोरी हो म्हणतात.” त्यानं कप दुसऱ्या हातात घेतला. “एवढा विमा काढला. पाऊस, आग, चोरी, मरण, सगळं होतं त्यात. एवढं एकच नव्हतं. म्हटलं, तेवढं आपण करू. जेवढा वेळ उभं राहता येईल तेवढं राहू.”

गल्लीत कुणीतरी तंबोऱ्याची खुंटी पिळत होतं. एकच सूर, वर चढायचा, उतरायचा.

मला राहवेना. “आणि ती म्हणाली असती, बसा बाबा, तर? तुला तर पहाटेच कळलं होतं. सुतकात बसून देवक बसवलं असतंस? तेही अंतूकाका तिकडे असे पडलेले असताना?”

दिगूनं कप खाली ठेवला. पायरीच्या कडेला, कुणाचा पाय लागणार नाही असा, सांभाळून.

“बसलो असतो की,” तो म्हणाला. “त्यासाठीच तर आल्या आल्या पुन्हा अंघोळ करून ठेवली होती.”